जंगल उशिरा ऐकतं

तार्तूत मार्च म्हणजे बुटांखाली काळं पडलेलं बर्फ.
हेल्दुर आला, दोन्ही बूट दारातच काढले,
मोजा अंगठ्याशी फाटलेला,
काखेत पाइपची पिशवी.
"आजोबांची सीलच्या पोटाची होती," म्हणाला,
"ही आपली बकऱ्याची. सील आता सरकारचे."

आमच्या खेळाच्या तिसऱ्या पातळीत बर्चचं जंगल आहे,
चौसष्ट झाडांचं.
प्रत्येक झाडाला मी आवाजाची एकेक पट्टी नेमून दिली आहे,
डावीकडे खर्ज, उजवीकडे शिट्ट्या.
जी पट्टी वाजेल ते झाड उंच होतं,
थांबली की वितळत खाली येतं.
एवढंच काम. सात महिने झाले.

कसं चालतं ते त्याने विचारलं नव्हतं, मीच सांगत सुटले :
आवाज सलग गिळता येत नाही,
घास घ्यावे लागतात, एक हजार चोवीस नमुन्यांचा एक.
घासाच्या दोन्ही कडा हळूहळू शून्याला टेकवायच्या,
नाहीतर तुटल्या जागी नसलेलाच स्वर उगवतो.
मग गणित तो घास सोलतं
आणि सांगतं, यात जाड आवाज इतका, बारीक इतका.
हेल्दुरने मान हलवली,
लोकर विंचरणाऱ्या बाईकडे बघावं तसं
माझ्या हातांकडे बघितलं.

मग पिशवी फुगवली.

आधी लागला तो सोबतीचा पाइप,
एकच स्वर धरून बसणारा,
पंगत उठली तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
डावीकडून अकरावं झाड उभं राहिलं ते राहिलंच.
वर चाल सुरू झाली आणि मधल्या झाडांची
अशी धांदल उडाली
की टार्वी पलीकडच्या टेबलावरून ओरडला, "भारी!"

हेल्दुर थांबला.
"तुझं जंगल उशिरा ऐकतं."

तेवीस मिलिसेकंद, मी म्हणाले. कुणाला कळत नाही.

"माझ्या बोटांना कळतं.
नाचणाऱ्याची टाच माझ्याआधी पडली तर मी म्हातारा,
नंतर पडली तर तो."

घास निम्मा केला.
झाडं चटकन उठू लागली,
पण शेजारचे दोन स्वर एकाच खोडात कोंबलेले,
कोण कुठला ओळखू येईना.
घास दुप्पट केला : स्वर निवळले, सुटे झाले,
आणि जंगल पेंगायला लागलं.
नेमका कोणता, किंवा नेमका केव्हा.
दोन्ही एकदम मुठीत येत नाही, मी म्हणाले,
माझं चुकत नाहीये, हे असंच असतं.
"लग्नाचं सांगतेस का?" हेल्दुर म्हणाला.

पुन्हा हजार चोवीसवर आणलं.

"आणि श्वास कुठंय?"
श्वास?
"मी पिशवी भरतो तेव्हाचा. तेव्हा तुझी झाडं मेलेली."

श्वास उणे साठ डेसिबलच्या खाली होता.
तिथे मीच उंबरठा घातला होता, गेल्या ऑक्टोबरात,
त्याखालचं सगळं शून्य धरायचं म्हणून.

उंबरठा काढला.

तर गवत आलं.
रेडिएटरचं, माझ्या संगणकाच्या पंख्याचं,
खाली कुणी फावड्याने बर्फ खरवडत होतं त्याचं,
टार्वीच्या चोंदलेल्या नाकाचं.
आणि अगदी डाव्या कडेला एक खुजं झाड,
हलेना, डुलेना.
पन्नास. भिंतीतली वीज.

हेल्दुर खुर्चीत बसून ते गवत बघत राहिला,
फाटक्या मोज्यातला अंगठा हलवत,
बराच वेळ.
वाजवलं काहीच नाही.

संध्याकाळी टार्वीने चूक म्हणून नोंद केली :
शांततेत पडद्यावर कचरा दिसतो. प्राधान्य मध्यम.
नोंद माझ्या नावावर आहे.
दुरुस्ती एका ओळीची.

सगळे गेल्यावर मी श्वास रोखून बसले,
म्हटलं बघावं, यातलं माझं किती.
मधलं थोडं गवत वाकलं,
बाकीचं तसंच.
खुजं झाड उभं.

मला दम धरवेना. सोडला,
आणि तेवीस मिलिसेकंदांनी
उजवीकडे काहीतरी पांढुरकं उगवलं.